डाव्या बाजूची मोकळी जागा: चाकणजवळच्या एका फाट्यावरचं प्रकरण

पार्श्वभूमी

चाकण औद्योगिक वसाहतीत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. कारखान्याचं नाव, फाट्याचं नाव आणि तारीख इथे मुद्दाम दिलेली नाही. ज्या सहकाऱ्याला अपघात झाला तिला लाईनवर सगळे ‘ताई’ म्हणतात, तेच मी इथे वापरतो. हे लिहिण्याआधी तिला विचारलं. ती म्हणाली, “लिहा, पण ड्रायव्हरला राक्षस करू नका.” त्या एका वाक्यामुळे हे प्रकरण मला नीट मांडता आलं.

चाकणचा रस्ता ज्यांना रोज तुडवावा लागतो त्यांना वेगळं सांगायला नको. पुणे–नाशिक महामार्ग आणि तळेगाव–शिक्रापूर रस्ता चाकणात तळेगाव चौकात एकमेकांना छेदतात. न्हावा-शेवा बंदरातून द्रुतगती मार्गाने येणारे कंटेनर तळेगावला उतरून याच रस्त्याने महाळुंगे, चाकणकडे येतात. त्याच रस्त्याने, त्याच वेळी, आजूबाजूच्या गावांमधली हजारो माणसं दुचाकीवरून पहिल्या पाळीला निघालेली असतात. रस्ता एकच, वेळ एकच. एकीकडे शंभर-सव्वाशे किलोची स्कूटर आणि दुसरीकडे माल भरल्यावर तीस-चाळीस टनांचा ट्रेलर.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांतली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. असा आकडा मी दर वर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमात वाचून दाखवायचो. लोक ऐकायचे, टाळ्या वाजवायचे, चहा प्यायचे. आमच्या गेटपासून अर्ध्या किलोमीटरवर रोज काय चाललंय याच्याशी त्या आकड्याचा संबंध मी स्वतःच लावला नव्हता.

त्या सकाळी काय घडलं

पावसाळ्याचे दिवस होते. पहाटेपासून भुरभुर चालू होती. आमची पहिली पाळी सातला सुरू होते. पावणेसातच्या सुमारास ताई मुख्य रस्त्याने फाट्याकडे येत होती. तिच्यापुढे चाळीस फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर होता, आमच्याच शेजारच्या गेटला जाणारा. केबिन धरून त्याची लांबी सोळा मीटरच्या आसपास भरते. फाट्याचं तोंड अरुंद, डाव्या बाजूला उघडी गटार आणि तिच्या कडेला चहाची टपरी.

एवढा लांब ट्रेलर अरुंद फाट्यात डावीकडे घालायचा तर आधी तो थोडा उजवीकडे काढावा लागतो, नाहीतर मागची चाकं गटारीत जातात. ड्रायव्हरने तेच केलं. वेग अगदी कमी, माणूस चालतो तेवढा. ट्रेलर उजवीकडे सरकला तशी डावीकडे जागा मोकळी झाली. दोन स्कूटर शेजारी-शेजारी जातील एवढी.

ताईने नंतर मला सांगितलं ते तिच्याच शब्दांत देतो. “मला वाटलं तो उजवीकडे चाललाय, नाहीतर थांबतोय. इंडिकेटर होता की नाही ते खरंच आठवत नाही, मागच्या दिव्यांवर चिखल होता. घड्याळ बघितलं आणि घातली गाडी.”

ती केबिनच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचली आणि केबिन डावीकडे वळली. तिने ब्रेक लावला, स्कूटर घसरली नाही, जागच्या जागी उभी राहिली. इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. थांबलं की सुटलो असं वाटतं. पण पुढची चाकं तिच्यापासून हातभर अंतराने निघून गेली आणि मागची चाकं त्या वाटेने आली नाहीत. ती आतून आली, थेट ती उभी होती तिथून. ट्रेलरच्या बाजूने स्कूटर डावीकडे ढकलली, ताई गटारीच्या कडेला पडली, हेल्मेट सिमेंटच्या कठड्यावर आपटलं आणि मागचं चाक स्कूटरच्या मागच्या भागावर चढलं. तिचा उजवा पाय स्कूटरच्या फूटबोर्डखाली अडकला.

टपरीवाले काका ओरडत पुढे धावले आणि त्यांनी केबिनच्या दारावर हात आपटले. ट्रेलर थांबला.

पहिली काही मिनिटं

या मिनिटांत तीन निर्णय झाले. तिन्ही तिथे हजर असलेल्या माणसांनी घेतले आणि तिन्ही बरोबर होते. अहवालात ते दोन ओळींत उरकले जातात, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ड्रायव्हर खाली उतरला, स्कूटर चाकाखाली बघितली आणि पुन्हा केबिनकडे पळाला. गाडी मागे घेऊन तिला मोकळं करायचं त्याच्या मनात होतं. काका आडवे उभे राहिले. म्हणाले, “गाडी तसूभर हलवायची नाही. आधी वाकून बघ, पाय कुठंय.” दोघांनी चिखलात झोपून बघितलं. पाय चाकाखाली नव्हता, स्कूटरखाली होता. मागे घेतली असती तर स्कूटर फिरून पायाचं काय झालं असतं, सांगता येत नाही. चौघांनी हँडल धरून पुढचा भाग उचलला, एकाने पाय सोडवला. ट्रेलर जागचा हलला नाही.

दुसरा निर्णय हेल्मेटचा. एक जण ते काढायला गेला, तिला हवा लागावी म्हणून. आमच्या पेंटशॉपमधल्या एका मुलाने प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलेलं होतं, तो तेवढ्यात पोचला होता. ती बोलत होती, श्वास नीट चालू होता. त्याने हेल्मेट काढू दिलं नाही, मान हलू दिली नाही, १०८ला फोन लावला.

तिसरा निर्णय जमावाचा. ड्रायव्हरला दोन-तीन फटके बसले होते. त्याला पळून जाणं सोपं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ ड्रायव्हरवर जखमीला मदत करायची जबाबदारी टाकतं, पण जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर तशी सूटही देतं, इतका हा अनुभव जुना आहे. तो पळाला नाही. आमच्या एका सुपरवायझरने त्याला टपरीत बसवलं आणि दारात स्वतः उभा राहिला.

काकांना नंतर पोलिसांची भीती वाटत होती. साक्षीला फेऱ्या माराव्या लागतील, धंदा बुडेल. २०१९च्या दुरुस्तीने कायद्यात आलेलं कलम १३४अ आणि त्याखालचे नियम त्यांना मी वाचून दाखवले: मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही आणि ओळख सांगायची सक्तीही करता येत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वतःहून जबाब दिला.

ताईच्या उजव्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. ऑपरेशन झालं, रॉड बसला. डोक्याला काही झालं नाही. आयएसआय शिक्क्याचं, हनुवटीखाली पट्टा लावलेलं हेल्मेट होतं. कामावर येता-जाता झालेला अपघात २०१०च्या दुरुस्तीपासून कर्मचारी राज्य विम्यात कामावरची इजा धरता येतो, त्यामुळे उपचार आणि रजेतला मोबदला दोन्ही मिळालं. हे आमच्या लाईनवर बहुतेकांना ठाऊक नव्हतं. गेटबाहेर घडलं म्हणजे आपलं आपण बघायचं, असंच सगळे समजत होते.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या बैठकीत उत्तर तयार होतं: चूक ताईची. आपल्या वाहतूक नियमांत मोजके अपवाद सोडले तर डावीकडून पुढे जायला मनाई आहे. “सर्क्युलर काढा, प्रत्येकाची सही घ्या, विषय संपवा,” असं एका वरिष्ठांनी सांगितलं. नियमाच्या दृष्टीने ते खोटं नव्हतं. पण डावीकडून जायची मुभा मिळते ती मुख्यतः पुढचं वाहन उजवीकडे वळत असताना. आणि ट्रेलर डावीकडे वळायच्या आधी नेमका तसाच दिसतो. ज्या माणसाला हे कुणी कधी दाखवलेलं नाही, त्याच्या डोळ्यांना तो उजवीकडेच चाललेला असतो.

मी पोलीस ठाण्यात ड्रायव्हरला भेटलो. बीड जिल्ह्यातला माणूस, वीस वर्षं स्टिअरिंगवर. तो एकच सांगत होता, “साहेब, आरशात कुणीच नव्हतं बघा.” मला आधी ते बचावाचं वाटलं. मग त्याच मापाच्या ट्रेलरच्या केबिनमध्ये मी स्वतः चढून बसलो. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून डावं दार त्याच्यापासून लांब आणि त्या दाराखालची जमीन त्याला दिसतच नाही. केबिन डावीकडे वळली की डाव्या आरशात ट्रेलरचीच बाजू भरून राहते. ताई उभी होती ती जागा आरशातही नव्हती आणि काचेतूनही दिसत नव्हती. तो खरं बोलत होता.

पूर्वी असल्या जागी क्लीनर बसायचा. डाव्या खिडकीतून बाहेर वाकून दार थापटायचा, “येऊ द्या, येऊ द्या, थांबा!” आता पगार वाचवायला बऱ्याच गाड्यांवर क्लीनर नसतो. त्या गाडीवरही नव्हता.

आणि एक गोष्ट आमच्या घरची. आमच्याकडे तीन वेळा उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जायचा. ताईचे त्या महिन्यात दोन उशीर झाले होते. ट्रेलरच्या मागे थांबली असती तर बहुधा तिसरा लागला असता. तिने घड्याळ बघितलं ते यासाठी. हा मुद्दा मी अहवालात घातला तेव्हा तो काढायला सांगितलं गेलं. मी काढला नाही.

समोर असलेले पर्याय

सर्क्युलर आणि सह्या हा पहिला पर्याय. खर्च शून्य, उपयोगही जवळजवळ तेवढाच.

सगळ्यांसाठी बस हा माझा आवडता पर्याय होता. पण बायकांनीच तो अर्धा नाकारला. मुलांना शाळेत सोडायचं असतं, परतताना भाजी घ्यायची असते, बस गावाच्या तोंडाशी सोडते आणि तिथून अंधारात चालायचं. त्यांचं म्हणणं पटलं. दोन मार्गांवर बस ठेवायची, पण सक्ती करायची नाही, असं ठरलं.

पाळी बदलताना ट्रेलर आतच घ्यायचे नाहीत, हा तिसरा. कागदावर सगळ्यांत उत्तम. स्टोअर्सवाल्यांनी विरोध केला, माल वेळेवर आला नाही तर लाईन थांबेल म्हणून. मी त्यांच्याशी भांडलो आणि त्या वेळी मीच घाईत होतो. कारण गेट बंद ठेवलं तर तेच ट्रेलर रस्त्याच्या कडेला उभे राहणार. पावसात, पहाटेच्या अंधारात, मागे रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला ट्रेलर कडेला उभा असणं हा वेगळा आणि कदाचित जास्त जीवघेणा धोका आहे. दुचाकीवाला थेट मागून आदळतो. हे लक्षात आणून दिलं स्टोअर्सच्याच एका वयस्क कारकुनाने. त्याचा भाचा तसाच गेला होता.

फाट्याचं तोंड रुंद करणं, गटार झाकणं, दिवा लावणं, यासाठी अर्ज करायचाच होता, पण त्याच्या भरवशावर बसता येत नव्हतं. त्या अर्जाच्या मसुद्यात कुणीतरी ‘टपरी हटवावी’ असंही घातलं होतं. ज्या माणसाने ताईला वाचवलं त्याचंच पोट मारायचं? ती ओळ मी खोडली. टपरी दहा फूट मागे घ्यायला काका स्वतःच तयार झाले.

काय केलं

गेट बंद ठेवण्याआधी मागच्या मोकळ्या प्लॉटवर मुरूम टाकून ट्रेलर उभे करायची जागा केली. मगच पाळी बदलायच्या आधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास आत-बाहेर बंद केलं. शेजारच्या दोन कारखान्यांना सोबत घेतलं, कारण फाटा एकच आहे. वाहतूक ठेकेदारांच्या करारात दोन अटी घातल्या: केबिनच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यावर जमीन दाखवणारा गोल आरसा, आणि आमच्या फाट्यावर येणाऱ्या गाडीवर दुसरा माणूस. आरसा लगेच बसला. दुसऱ्या माणसासाठी भाड्यात थोडी वाढ द्यावी लागली. उशिराच्या नियमात पंधरा मिनिटांची सूट आली, त्याला मात्र तीन महिने लागले.

पण ज्याने माणसांची नजर बदलली ते एका रविवारचं प्रात्यक्षिक. एक रिकामा ट्रेलर मैदानात आणला. त्याच्या डाव्या बाजूला टायरना ओला चुना फासला, पुढच्या चाकाला पांढरा आणि मागच्या चाकाला गेरू मिसळलेला. फाट्याचं वळण दोरीने आखलं. जिथे ताईची स्कूटर होती तिथे पॅकिंगचा रिकामा खोका ठेवला आणि ड्रायव्हरला सावकाश डावीकडे वळायला सांगितलं.

पुढचं चाक खोक्यापासून हातभर दुरून गेलं. लोकांनी श्वास सोडला. कुणीतरी म्हणालंसुद्धा, “वाचला.” मग गेरूचं चाक आलं, कडेकडेने नाही, सरळ खोक्यावरून. आवाज फार झाला नाही. खोका चपटा झाला आणि त्यावर तांबडा पट्टा उमटला. जमिनीवर दोन रेघा होत्या, पांढरी बाहेरून मोठी वळलेली आणि तांबडी आतून कापत गेलेली. टेपने मोजलं तर वळणाच्या मध्यावर दोघींत दोन मीटरहून जास्त अंतर होतं. तेवढ्या जागेत सगळे रोज स्कूटर घालत होते.

नंतर एकेकाला केबिनमध्ये बसवलं. डावीकडे ओळीने सहा स्कूटर उभ्या केल्या आणि विचारलं, किती दिसतात? बहुतेकांना मागची एक किंवा दोन दिसली. असेंब्लीतली एक बाई वर चढली, आरशात बघितलं, मान वाकवून बघितलं आणि म्हणाली, “अगं बाई, इथून तर जमीनच नाही दिसत.” खाली उतरल्यावर ती बराच वेळ गप्प उभी होती. ती ताईची शेजारीण.

त्या दिवशी मी मोठं भाषण केलं नाही. चार गोष्टी सांगितल्या, त्या इथेही सांगतो. ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर तुम्ही त्याला दिसत नाही, असंच धरा. फाटा जवळ आला आणि ट्रेलर उजवीकडे सरकला तर तो डावीकडे वळणार असं समजून मागे थांबा. इंडिकेटर चिखलाने झाकलेला असू शकतो, म्हणून पुढच्या चाकाकडे बघा. ओलांडायचंच असेल तर समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसल्यावर उजवीकडून, न रेंगाळता जा, आणि पुढे गेल्यावर लगेच त्याच्यासमोर येऊ नका. भरलेली गाडी तुमच्यासारखी जागच्या जागी थांबत नाही, आणि केबिनच्या अगदी नाकासमोरची स्कूटर त्या उंचीवरून दिसत नाही.

परिणाम

त्यानंतर आजवर आमच्या कुठल्या माणसाला त्या वळणावर इजा झालेली नाही. पण एका फाट्यावरचा हा थोडा काळ आहे, त्यावरून मोठा दावा करणार नाही. ‘थोडक्यात वाचलो’ अशा घटना कळवायची वही गेटवर ठेवली. पहिला महिनाभर ती कोरी होती, कारण लोकांना वाटलं नाव लिहिलं की मेमो येईल. नाव लिहायची अट काढल्यावर नोंदी येऊ लागल्या, आणि मग व्यवस्थापन घाबरलं की धोका वाढला. धोका होता तेवढाच होता, आता तो कागदावर दिसत होता. हे समजावायला माझा बराच वेळ गेला.

ताई सात महिन्यांनी कामावर आली. थोडे दिवस बसने, मग पुन्हा स्कूटरने. फाट्यावर ट्रेलर असला की ती बरंच मागे थांबते. मागचे हॉर्न वाजवतात, ती हलत नाही.

गटार अजून उघडी आहे.

आज पुन्हा करायचं झालं तर

प्रात्यक्षिक मी अपघातानंतर तीन महिन्यांनी केलं. ट्रेलर, मैदान, चुना, सगळं पहिल्या आठवड्यातही होतं. मी परवानग्यांची वाट बघत बसलो. दुसरं, शेजारच्या कारखान्यांना सुरुवातीपासून घ्यायला हवं होतं. आम्ही एकट्याने वेळ पाळली तेव्हा पहिले काही आठवडे त्यांचे ट्रेलर आमच्याच माणसांच्या अंगावरून वळत होते.

तिसरी चूक मला जास्त लागते. पोलीस ठाण्यातून निघताना ड्रायव्हर आणखी एक वाक्य बोलला होता. मी ते माझ्या डायरीत लिहिलं, अहवालात घातलं नाही, कारण फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. तो म्हणाला, “त्या फाट्यावर वळताना मी रोज देवाचं नाव घेतो साहेब. तिथं एक दिवस कुणीतरी सापडणार, हे आम्हा सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं.” चार वर्षं अशा गाड्या आमच्या गेटवर येत होत्या. चलन बघितलं जायचं, सील बघितलं जायचं, लायसन्स बघितलं जायचं. आता गेटच्या वहीत एक ओळ वाढवली आहे: येताना कुठे भीती वाटली? सिक्युरिटीवाला ती प्रत्येक ड्रायव्हरला तोंडी विचारतो आणि उत्तर स्वतः लिहून घेतो. परवाची नोंद खालुंब्रेच्या पुढे रस्त्यावर उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकींची होती, आणि त्यातल्या दोघांच्या अंगावर आमच्या कारखान्याचा गणवेश होता.